डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेलं पाणी

आम्ही लातूरला राहायला गेलो तेव्हा लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. आबा पाटबंधारे खात्यात कारकून. आमचं मूळ गाव किनवटच्या जंगलातलं, आबांची सगळी नोकरी किनवट आणि नांदेडच्या कचेऱ्यांत गेलेली, आणि एकाएकी त्यांना नव्या जिल्ह्यात नेमलं. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, आणि कचेऱ्यांना जागा कुठून आणायच्या? आबांची कचेरी ज्या इमारतीत भरायची तिथं आधी कुणाचं तरी तुरीचं गोदाम होतं. संध्याकाळी ते घरी आले की त्यांच्या सदऱ्याला कचेरीच्या नव्या पाट्यांच्या ओल्या रंगाचा आणि तुरीच्या भुशाचा मिळून एक वास यायचा. खातं पाटबंधाऱ्याचं, आणि त्या साली पाटात बोट बुडवायला पाणी नव्हतं. आबा जीपमधून तलाव मोजायला जायचे आणि येऊन म्हणायचे, "आज तळ्यात चालत जाऊन आलो. चपलीला चिखलबी लागला न्हाई."

आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. मधे भिंत, भिंतीपलीकडे खालाजान. त्यांचं खरं नाव शेवटपर्यंत आम्हाला कळलं नाही. सगळी गल्ली खालाजानच म्हणायची. त्यांच्याकडे सकाळी चहाची किटली जर्मनच्या ताटलीवर आपटायची आणि आमच्याकडे मायचा भाकरी थापण्याचा आवाज सुरू व्हायचा. त्या दोन आवाजांमधे गल्लीतल्या हातपंपाची कुरकुर. पंपाला पाणी नसलं तरी बाया तो हापसून बघायच्या. नळाला पाणी कधी यायचं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. आलं की आधी हवा यायची, तोटीतून फुसफुस, मग खोकल्यासारखं चार थेंब, आणि त्या फुसफुशीनं अख्खी गल्ली घागरी घेऊन उठायची. मला आजही कुठल्या तोटीतून हवा आली की छातीत धस्स होतं. माझ्या सुना हसतात.

आमची बोली तिथं वेगळी पडायची. आम्ही "काहून" म्हणायचो, "काय करून राहिली" म्हणायचो, आणि कॉलेजातल्या मुली तोंडाला पदर लावून हसायच्या. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि माझी धाकटी बहीण सुजाता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. मी त्या हसण्यानं गप्प झाले. सुजाता मात्र मुद्दाम वर्गात उभी राहून म्हणायची, "सर, हे असं काहून होते?" तिला नकला फार छान यायच्या. खालाजानची किटली, आबांचं खाकरणं, प्राचार्यांची चाल, सगळं. जेवताना ती एखाद्याची नक्कल करायची आणि माय तोंडातला घास आवरत म्हणायची, "गप बस गं, ठसका लागंल." तेव्हा आमच्या ताटात बहुतेक ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी असायची. आबांना वरणाशिवाय चालायचं नाही, म्हणून माय तुरीचं वरण पाण्यासारखं पातळ करायची आणि वर लसणाची फोडणी अशी द्यायची की खालाजान भिंतीपलीकडून शिंकायच्या.

पण सुजाता सकाळी उठायची नाही. मी अंघोळ करून, केर काढून, घागर आणून मोकळी व्हायची तरी ही पांघरुणात. पाय दुखतात, पाठ दुखते, कोपर दुखतंय. दुखणं आज इथं तर उद्या तिथं. लहानपणापासून हे असंच होतं, म्हणून घरात कुणी ते दुखणं म्हणून धरतच नव्हतं. माय चुलीपुढून ओरडायची, "ऊठ की लोळणबाई! सासू काय तुला अंथरुणात भाकर आणून देनार हाय?" सुजाता पांघरुणातून सासूची नक्कल करायची आणि मग भिंत धरून उठायची. भिंत धरून उठायची हे मी बघितलेलं आहे. सगळ्यांनीच बघितलेलं होतं.

त्या वर्षी तिच्या प्रात्यक्षिकात रक्ताची काचपट्टी करायची होती. बोटाला सुई टोचायची, थेंब काचेवर पसरायचा, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. सगळ्यांनी आपापलं रक्त घेतलं. सुजाताची पट्टी सरांनी बघितली आणि म्हणाले, थेंब नीट पसरला नाही, पेशी चुरगळल्या, पुन्हा कर. तिनं पुन्हा केली. पुन्हा तसंच. ती चिडून घरी आली, म्हणाली, "आक्का, माझं रक्तच वाकडं हाय बहुतेक," आणि आम्ही दोघी हसलो. सरांचा तरी काय दोष? असं वाकडं रक्त खरंच असतं, हे आमच्या भागात कुणी शिकवतच नव्हतं.

मग कॉलेजात वार्षिक तपासणी झाली. बाहेरून एक म्हातारे डॉक्टर आले, त्यांनी मुलींची उंची-वजनं घेतली, जिभा बघितल्या, आणि सुजाताच्या डोळ्यांखालची कातडी ओढून म्हणाले, "तुला कावीळ आहे." झालं. खालाजाननी कुठूनशी झाडाच्या बारक्या मुळ्यांची माळ आणून तिच्या गळ्यात घातली. माळ जशी लांबत जाईल तशी कावीळ उतरते म्हणायच्या. मायनं घरातली हळद, तेल, तिखट बंद केलं. एकटीसाठी वेगळं काय करायचं म्हणून आम्ही सगळेच बिनहळदीचं पांढरं वरण आणि ताक-कण्या खाऊ लागलो. आबा पहिल्या दिवशी ताटाकडे बघून म्हणाले, "ह्या घरात कोण वारलंय का?" माळ लांबली, गुडघ्यापर्यंत आली, पण डोळे होते तेवढेच पिवळे. खालाजान माळेकडं बघत म्हणाल्या, "या अल्ला, ये कैसी कावीळ है."

थंडी सरता सरता एका पहाटे नळ आला. माय तापानं पडली होती, म्हणून सुजाता माझ्याबरोबर घागर घेऊन रांगेत उभी राहिली. अंगावर पातळ पाचवारी, पाय ओले, वारा बोचरा. दुपारी ती कॉलेजातून टांग्यातून आली, मैत्रिणीच्या खांद्यावर मान टाकून. संध्याकाळपर्यंत ती जमिनीवर लोळायला लागली. मी माणसाला इतकं दुखताना त्याआधी पाहिलं नव्हतं. ती ओरडत नव्हती. दात आवळून एकच आवाज काढत होती, आणि तिची मांडी दोन्ही हातांनी दाबून धरा म्हणत होती. गल्लीच्या तोंडाशी एक डॉक्टर होते, त्यांनी सुई दिली आणि आबांना बाजूला घेऊन म्हणाले, मुलगी परीक्षेला भिऊन असं करते, वयात आली आहे, लग्नाचं बघा. आबा मान डोलावून परत आले. पण रात्रभर तिच्या पायथ्याशी बसून राहिले आणि सकाळी म्हणाले, "परीक्षेच्या भ्यानं हाडं दुखत न्हाईत. सरकारी दवाखान्यात जाऊ."

सरकारी दवाखान्याची पाटीही नवी होती. आत मात्र जुनेच बाक, जुन्याच भिंती, आणि नव्या जिल्ह्याच्या चारी बाजूंनी आलेली माणसं. अहमदपूरची, उदगीरची, निलंग्याची. कुणी कानडीत कण्हत होतं, कुणी आमच्यासारखं. केसपेपर काढायला एक रांग, डॉक्टरला दाखवायला दुसरी, सुई घ्यायला तिसरी. एका म्हातारीनं सुजाताला बाकावर जागा करून दिली आणि स्वतः भुईवर बसली, म्हणाली, "बस बाई, तुझं तोंड बघवत न्हाई." आमचा नंबर आला तेव्हा टेबलामागे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. केस घट्ट बांधलेले, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. त्यांनी सुजाताचे डोळे बघितले, पोट दाबून बघितलं, हाडं दाबून बघितली. कावीळ कधीपासून? माय म्हणाली, "जल्मापासून म्हना की." तेव्हा बाईंनी लेखणी खाली ठेवली.

"तुमचं मूळ गाव कुठलं?"

"किनवटकडचं," आबा म्हणाले. "जंगलातलं."

त्या लगेच उठल्या, सुजाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेल्या, मलाही ये म्हणाल्या. त्या नागपूरकडे शिकलेल्या होत्या, तिकडे अशी लेकरं त्यांनी खूप पाहिली होती, हे त्यांनी नंतर सांगितलं. त्यांनी तिच्या बोटातून थेंब घेतला, त्यात कसलंसं पाणी मिसळलं, वर बारीक काच ठेवून कडा मेणानं बंद केल्या आणि आम्हाला बसायला सांगितलं. दुपार झाली. सुईनं सुजाताचं दुखणं जरा बोथट झालं होतं. बाईंनी सूक्ष्मदर्शकात बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं, आणि विचारलं, "तू सायन्सला आहेस ना? बघतेस?"

सुजातानं डोळा लावला. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होते. तिच्या पाठीचं हलणं थांबलं, तिनं श्वासच धरला असावा. मग ती हळूच म्हणाली, "आक्का, विळे हायत. बारके बारके विळे."

बाहेर येऊन डॉक्टरीणबाईंनी माय-आबांना समोर बसवलं. त्या इतक्या सावकाश बोलत होत्या की मला ते शब्द अजून तसेच आठवतात. "रक्तातल्या पेशी गोल असायला पाहिजेत. हिच्या वाकतात, विळ्यासारख्या होतात. मग बारीक नसांमधे अडकतात. जिथं अडकतात तिथं दुखतं. ही कावीळ नाही, आळसही नाही. हे जन्मापासूनचं आहे आणि ते जात नाही. जपून राहायचं, एवढंच आपल्या हातात."

"पन आलं कुठून?" आबांनी विचारलं.

"निम्मं आईकडून येतं, निम्मं वडिलांकडून. ज्याच्यात निम्मंच असतं त्याला काही होत नाही, त्याला कळतही नाही. दोन्हीकडून आलं की हा आजार."

माय पदराचा काठ बोटाभोवती गुंडाळत होती. म्हणाली, "म्हंजी आमीच दिलं."

"दिलं असं नका म्हणू मावशी. तुम्हाला माहीत नव्हतं."

बाहेर रांगेतली माणसं कुरकुरायला लागली. आबा उठायला लागले तशी माय एकदम म्हणाली, "माझा थोरला मिलिंद. त्याचेबी हातपाय दुखायचे. डोळे असेच पिवळे हुते. त्यालाबी हेच हुतं का?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग आबांकडे बघितलं. म्हणाल्या, "रक्त बघितल्याशिवाय नाही सांगता येत, मावशी."

"त्याचं रक्त आता कुठून आणू, बाई?" माय म्हणाली.

मिलिंद आमचा मोठा भाऊ. मोठ्या दुष्काळात तो गेला. मी तेव्हा लहान होते, आजीपाशी गावात असायची, सुजाता तर त्याहून लहान. मला एवढंच आठवत होतं की माय संध्याकाळी दुष्काळी कामावरून तिथं वाटलेली सुकडी घेऊन यायची आणि आम्ही ती बोटानं चाटायचो. मिलिंद तापानं गेला एवढंच घरात सांगितलं जायचं. दवाखान्यातून आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी माय परातीपुढे बसली, पीठ मळायला घेतलं, आणि हात तसेच पिठात ठेवून मला सांगायला लागली. आबा कामाला गेले होते, सुजाता औषधाच्या गुंगीत होती.

"खडी फोडायचं काम चालू हुतं. तुझे आबा तवा नोकरीला न्हवते. मी फोडायची, मिलिंद टोपल्यानं न्यायचा. चार टोपली न्हेली की आडवा व्हायचा, ढिगाच्या सावलीला. पाय दुखून राहिले म्हनायचा. मुकादम बघायचा आन् म्हनायचा, पोराला उठीव न्हाईतर हजेरी न्हाई. त्या दिशी लई ऊन हुतं. पानी संपलेलं. म्या चुंबळ फेकून मारली त्याला. ऊठ कामचुकारा, म्हनले. उठला गं तो. रडत रडत उठला, टोपलं घेतलं. तिसऱ्या दिशी गेला." मग तिनं पीठ मळलं, आणि त्या दिवशीच्या भाकरी जाड झाल्या.

त्यानंतर माय सुजाताला एक शब्द बोलली नाही. बोलली नाही म्हणजे रागावली नाही. "ऊठ" म्हणाली नाही, "लोळणबाई" म्हणाली नाही. चुलीपुढून ओरडणं बंद झालं. ती हलक्या पावलानं यायची, सुजाताच्या उशाशी चहा ठेवायची आणि तशीच जायची. सुजातानं मुद्दाम पसारा केला, कंदिलाची चिमणी फोडली, आबांच्या वहाणा लपवल्या. माय मुकाट आवरायची. "आक्का, माय मला पाव्हनी करून टाकून राहिली," सुजाता मला म्हणाली. "मेल्यागत वाटते मला." नकलाही तिनं सोडल्या. ज्या घरात भिंतीपलीकडचं माणूस शिंकलं तरी इकडून काहीतरी बोलणं जायचं, त्या घरात भाकरी थापण्याचा तेवढा आवाज राहिला. खालाजाननी मला एकदा विचारलं, "बेटा, तुमच्याकडे सगळे ठीक हैत ना?"

डॉक्टरीणबाईंनी औषधाची चिठ्ठी दिली होती. पिवळ्या बारीक गोळ्या रोजच्या, दुखलं तर पांढऱ्या, थंडीत अंग झाकायचं, उन्हात फिरायचं नाही. आणि सगळ्यात खाली मराठीत, जाड अक्षरात, दोनदा रेघ मारून लिहिलं होतं: पाणी भरपूर पिणे. अंगातलं पाणी कमी झालं की पेशी जास्त वाकतात, असं त्यांनी सांगितलं होतं. मायनं माझ्याकडून चिठ्ठी वाचून घेतली. "औषधाच्या चिठ्ठीवर पानी?" ती म्हणाली. मग तिनं एक वेगळा माठ आणला, तो सुजाताच्या कोपऱ्यात ठेवला, आणि बजावलं की त्याला कुणी हात लावायचा नाही.

आता तो काळ ज्यांनी पाहिला नाही त्यांना कसं सांगू? उन्हाळा तोंडावर आलेला, टँकर यायचा तेव्हा त्याच्या तोंडाशी घागरींची मारामारी व्हायची. अशा गावात मायनं एक माठ कायम भरलेला ठेवला. टँकर कुठल्या गल्लीत येणार ह्याचा तिला वास लागायचा. खालाजान आपल्या वाटणीतला तांब्या भिंतीवरून द्यायच्या, म्हणायच्या, "बच्ची के मटके में डालो." आबा कचेरीतून बाटली भरून आणायचे. अंघोळी आठवड्यावर गेल्या, भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची. आणि माय स्वतः पाणी प्यायची बंद झाली. बंद म्हणजे अगदीच नाही. पण तहान लागली की ओलं फडकं ओठांवर फिरवायची. तिला वाटायचं कुणाला दिसत नाही.

सुजाताला दिसलं. एका दुपारी तिनं माठातून पेला भरला आणि मायपुढे धरला.

"तू पी."

"मला न्हाई तहान."

"ओठ फुटलेत तुझे. पी, न्हाईतर मीबी नाही पिनार."

"ते तुझं औषध हाय."

"मग र्‍हाऊ दे औषध," सुजाता म्हणाली, आणि पेला खाली ठेवून भिंतीकडं तोंड करून बसली. संध्याकाळपर्यंत प्यायली नाही. मी विनवण्या केल्या, आबांनी विनवण्या केल्या. माय चुलीपुढे बसून होती, लाकडं आत सारत होती, बाहेर ओढत होती. आणि मग एकदम तिचा आवाज फुटला. "गधडे! मसनात घालती का मला? जीव काढून मानसं पानी आनून राहिलेत आन् ही राणीवानी रुसून बसली! तोंड उघड! पी म्हनते ना! न्हाईतर ह्या फुकनीनं टाळकं फोडीन!"

सुजाता वळली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "आक्का," ती म्हणाली, "माय बोलली गं." मग माय रडायला लागली, फुंकणी हातातच. सुजाता निम्मा पेला स्वतः प्यायली आणि निम्मा तिनं मायला पाजला, लहान लेकराला पाजतात तसा, हनुवटीखाली हात धरून. भिंतीपलीकडून खालाजान ओरडल्या, "क्या हुआ?" आणि आबा म्हणाले, "काही न्हाई, खाला. आमच्या घरात पानी आलं."

त्यानंतरचे महिने चांगले गेले. सुजाता परीक्षेला बसली. बाटली घेऊन बसायची परवानगी डॉक्टरीणबाईंनी कॉलेजला चार ओळी लिहून मिळवून दिली. आम्हा सगळ्यांचं रक्त त्यांनी तपासलं. माझ्यात निम्मं निघालं, माय-आबांसारखं. पुढे माझं लग्न ठरायची वेळ आली तेव्हा मी मुलाचं रक्त तपासल्याशिवाय होकार देणार नाही म्हणाले. मुदखेडचं एक चांगलं स्थळ त्या पायी गेलं. "रक्तात खोट असलेली पोरगी वर आम्हालाच तपासायला लावते," असं ते लोक म्हणाले. ज्यांनी तपासू दिलं त्यांच्याच घरात मी आयुष्य काढलं. पण ते सगळं नंतरचं.

उन्हाळ्यात काकाच्या मुलीचं लग्न निघालं, गावी. माय नको म्हणत होती. सुजाताला मात्र जंगल बघायचं होतं, टेंभुर्णी खायची होती, चुलत बहिणींना प्राचार्यांची चाल करून दाखवायची होती. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, जाऊ द्या, पाणी मात्र सोबत ठेवा. ती लग्नात खूप हसली, पोरींच्या घोळक्यात बसून तिनं अख्खं लातूर त्यांना ऐकवलं. परत येताना किनवटहून गाडीनं निघालो. मुदखेडला गाडी थांबली ती थांबलीच. पुढे काहीतरी बिघडलं होतं, कुणी नीट सांगेना. डबा तापलेला. आमच्या सुरया संपल्या. आबा फलाटावरच्या नळाशी गेले आणि तसेच परत आले. त्यांनी गावात जाऊन कुठून तरी एक तांब्या आणला, पण तोवर सुजाताच्या छातीत दुखायला लागलं होतं. ह्या वेळी मांडीत नव्हतं, छातीत होतं.

नांदेडला उतरून थेट दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली आणि लगेच धावपळ केली, ते मी विसरणार नाही. रक्त चढवायला पाहिजे म्हणाले. आबांनी बाही वर केली, "माझं घ्या, पाहिजे तेवढं घ्या." डॉक्टर म्हणाले, तुमचं चालणार नाही, तुमच्यात तेच आहे. मायचं नाही, माझंही नाही. आबा बाही तशीच वर ठेवून भिंतीला टेकून उभे राहिले. वॉर्डाबाहेर कुणाला तरी भेटायला आलेली कॉलेजची दोन मुलं होती. त्यांनी ऐकलं आणि न विचारता आत गेली. त्यांची नावं मला माहीत नाहीत. त्यांचं रक्त माझ्या बहिणीच्या अंगात एक दिवसभर होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे बघून काही बोलायला गेली, ओठ हलले, पण श्वास पुरला नाही. माय तिचे पाय चेपत होती. पाय चेपता चेपताच तिला कळलं.

गावी आम्ही तिला मिलिंदच्या शेजारी ठेवलं. त्रिशरण म्हणताना आबा मधेच थांबले, पुढचं काकांनी पुरं केलं.

लातूरला परत आल्यावर एक दिवस माय म्हणाली, डॉक्टरीणबाईंना सांगायला पाहिजे, त्या वाट बघत असतील. आम्ही दोघी गेलो, रांगेत बसलो. बाईंना आम्हाला दोघींनाच बघून कळलं. त्या उठून टेबलाच्या ह्या बाजूला आल्या आणि मायजवळ बाकावर बसल्या. मग मायनं विचारलं, "बाई, असलं रक्त मानसात असतंच काहून? कुनाच्या कामाचं हाय ते?"

डॉक्टरीणबाई बाकावर तिच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मावशी, तुमच्या लहानपणी गावात हिवताप असायचा?"

"असायचा म्हंजी? माझी थोरली-धाकटी भावंडं समदी हिवतापानंच गेली. मी एकटीच उरले. लोक म्हनायचे, लई चिवट पोरगी हाय."

"ज्याच्यात हे निम्मं असतं ना, त्याला तो ताप सहसा मारत नाही. म्हणून जंगलाकडच्या माणसांत ते टिकून राहिलं. ज्यांच्यात होतं ती जगली."

मायनं ते ऐकलं. डोळे तिनं समोरच्या भिंतीवर ठेवले. "म्हंजी मी जगले ती ह्याच्यामुळंच," ती म्हणाली. "आन् माझी दोघं गेली ती बी ह्याच्यामुळंच."

बाईंनी तिचा हात हातात घेतला.

बाहेर आलो तर ऊन रणरणत होतं. माय पायरीवरच खाली बसली. मला वाटलं तिला चक्कर आली. मी तिच्याशेजारी बसले. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं पहिल्यांदाच बघते आहे.

"कुसुम, तुझ्यातबी निम्मं हाय न्हवं?"

"हाय, माय."

"मग तुला हिवताप न्हाई मारायचा," ती म्हणाली, आणि पदरानं माझ्या तोंडावरचा घाम पुसला.